राघूंची ओळ

तुमचा राग नेमका कशावर, असं कुणी विचारलं की मी मक्यावर म्हणून सांगते आणि लोक हसतात. परवा चिखलीला एका लग्नात द्रोणाद्रोणातून उकडलेले मक्याचे दाणे वाटत होते, वर लोणी आणि तिखट. धाकट्या सुनेनं एक द्रोण माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या ना आई, गोड आहे." मी तो द्रोण तसाच धरून बसले. मका मला आवडत नाही असं नाही. पण "गोड आहे" हे माझ्या मायनं एकदा भर बाजारात ओरडून सांगितलं होतं, आणि त्यापायी तिला जे ऐकावं लागलं ते आठवलं की घास खाली उतरत नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यांचा निवतो त्यांचा निवो बापडा. माझा निवला नाही आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही, म्हणून तो उन्हाळा इथे लिहून ठेवते.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, पायी निघालं तर तासाभराची वाट. थोरली बहीण लग्न होऊन वरवट बकालला गेलेली, त्यामुळे घरात तिघंच: माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणायची, माय आणि मी. आबांच्या तोंडी 'पीक' हा शब्द फार जपून यायचा. कापूस हे पीक, तूर हे पीक, सोयाबीन हे पीक. जे गाडीत भरून अडतीवर जातं ते पीक. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात माय वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या आणि उन्हाळ्यात मका लावायची. तो माल तिच्या डोक्यावरच्या टोपल्यातून बाजारात जायचा, म्हणून त्याला आबा 'बायकांचं' म्हणत. "बायकांचं पाणी झालं का?" असं ते विचारायचे, जणू आम्ही दोघी शेजारच्या गावाहून त्यांच्या विहिरीवर पाणी मागायला आलो होतो. उन्हाळ्यात त्यांचं एकही पीक शेतात नसायचं. चार महिने घरातलं मीठ, तेल, चहा, आबांची तंबाखूसुद्धा त्या बायकांच्या अर्ध्या एकरावर चालायची. पण दुपारी निंबाखाली बाजेवर पडून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सध्या वावरात काही नाही." मी ते पाण्याची बारी धरता धरता ऐकत असे, कमरेपर्यंत मक्यात उभी राहून.

त्या उन्हाळ्याचे आवाज मला अजून ऐकू येतात. वीज कधी येईल याचा नेम नसायचा, कुणीतरी लांबून "लाइन आली वो!" असं ओरडलं की माय हातातलं पीठ तसंच ठेवून मोटरीकडे पळायची. मग विहिरीतून घरघर, पाइपातून पहिला फसफसणारा वारा आणि मागून पाणी. विहिरीत पाणी किती, तर मोटर दोन तास चालेल इतकंच. त्यामुळे एकेक दांड जपून भरायचा. घरी आलो की चुलीवर भाकरी, पाट्यावर ठेचा. मका हाती लागायच्या दिवसांत तर विचारूच नका. कोवळी कणसं विळीवर किसायची, त्यात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर बेसन कालवून माय वडे तळायची. कढईतले करपलेले दाणे खरवडून खायचे ते मी. आबा वडे खाताना मात्र हे बायकांचं आहे असं कधी म्हणाले नाहीत.

बाजारात मायचं नाव होतं. तिचं नाव वच्छला, आणि अमडापूरच्या बाजारात "वच्छलाबाईचा भुट्टा" म्हटलं की लोक दुसरीकडे जात नसत. इतर विक्रेत्यांकडे गिऱ्हाईक काय करायचं, तर कणसाचा पाला सोलून दाण्यात नख खुपसायचं. दूध उडालं तर कोवळं. असं एकेक कणीस चार-पाच जण नख लावून बघणार आणि सोडून देणार. उघडलेलं कणीस उन्हात सुकतं, मग ते संध्याकाळी कुणी फुकटही घेत नाही. माय नख लावू देत नसे. वरचे केस किती सुकलेत ते बघायची, पाल्यावरूनच टोकाकडे बोटं दाबत न्यायची आणि सांगायची, "हा आज खा, हा उद्यापर्यंत राह्यते." वर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माह्या शब्दावर न्या. बरा नाही लागला तं वापस आणा, तेवढे वांगे घेऊन जा." इतक्या वर्षांत वांगी न्यायला कुणी आलं नव्हतं. मला वाटतं, मायजवळ स्वतःचं म्हणावं असं हे एकच होतं. जमीन आबांच्या नावावर, घर आबांच्या नावावर, मीही आबांच्याच नावानं ओळखली जाणारी. शब्द तेवढा तिचा.

गोड मक्याचं डोक्यात भरवलं ते हमीदचाचांनी. बसस्टँडजवळ त्यांची भुट्टे भाजायची गाडी होती आणि ते दर बाजारी मायकडून कणसं घेत. एकदा म्हणाले, "वहिनी, चिखलीत आजकाल गोड मका मागते पब्लिक. भूनते नहीं, उबालके खाते. सकाळी लावला का दुपारला सफा. एक बार लगाके तो देखो." मायनं आठ दिवस ते मनात घोळवलं. त्याच सुमाराला आबा मोटरीच्या कामानं चिखलीला निघाले, तेव्हा तिनं त्यांना बी आणायला सांगितलं. संध्याकाळी आबा आले आणि पिशवी ओसरीवर ठेवून पाय धुवायला गेले. पाकिटावर पिवळ्याजर्द कणसाचं चित्र आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी. मी दहावीला होते, पण आमच्या शाळेतलं इंग्रजी त्या अक्षरांना पुरलं नाही.

"काही सांगतलं का दुकानदारानं? कसा पेराचा, काय कराचं?" मायनं विचारलं.

"काय सांगन? मका हाय. मक्यावानी पेर," आबा म्हणाले आणि त्यांनी टॉवेल मागितला.

एवढंच. मी तिथेच कंदिलाची काच पुसत होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावर लपवल्याची एक रेघसुद्धा नव्हती.

पाकीट फोडलं तर बी सुरकुतलेलं, वाळल्या मनुकांसारखं. माय घाबरलीच. "हे मेलेलं बी देल्लं का त्याहिले?" तिनं दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि चौथ्या दिवशी नऊ दाण्यांना मोड आले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग पेरणी. आमच्याकडे एक रीत होती, बहुधा मायच्या सासूच्याही आधीपासूनची. मका पेरायचा तर आधी चारी बांधांच्या कडेनं एक ओळ राघूंची. ती ओळ घरच्या बियाची. चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगलेली गावरान कणसं असायची, लालसर दाण्यांची, त्यातलं बी पदरात घेऊन बायकांनीच ती पेरायची. "तुमचं तुमी खा, आमचं आमाले ठेवा," असं म्हणायचं. त्यात नुसता पुण्याचा भाग नव्हता, अक्कलही होती. राघूंचा थवा कडेलाच उतरतो, कडेलाच पोट भरतो, आणि आत कमी शिरतो. वाटेनं जाणाऱ्या पोरासोरांनी एखादं कणीस मोडलं तर तेही त्याच ओळीतून. मायनं आणि मी ती ओळ पेरली आणि मग आत ते सुरकुतलेलं बी, एकेका टोचणीला एकच दाणा, मोजून-मापून.

मका डोक्याएवढा झाला, तुरे आले, कणसांना केस फुटले आणि माझी राखण सुरू झाली. रानडुकरांसाठी मायनं बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि त्यावर तिची जुनी लुगडी बांधली. वाऱ्यानं ती हलली की डुकरांना माणूस वाटतं म्हणे. राघूंसाठी हमीदचाचांनी गुंता झालेल्या जुन्या कॅसेटी दिल्या. त्यांची फीत काढून मी या मेढीपासून त्या मेढीपर्यंत ताणली. उन्हात ती चकाकायची आणि वारा आला की भर्र असा आवाज करायची. तरी राघू यायचेच, भल्या सकाळी आणि उन्हं उतरताना. मी माळ्यावर उभी राहून डबा बडवायची, गोफण फिरवायची. तीन आठवडे माझा घसा बसलेला होता. दहावीचा निकाल यायचा होता आणि मैत्रिणी मामाच्या गावी आंबे खात होत्या. मी इथे राघूंशी भांडत होते. पण खरं सांगू, मला त्या अर्ध्या एकराची माया लागली होती. कडेच्या लाल गावरान मक्याचे तुरे आणि आतल्या गोड मक्याचे तुरे एकाच आठवड्यात डोलत होते. सकाळच्या वाऱ्यात त्यांची पिवळी भुकटी उडायची, माझ्या केसांत, पापण्यांवर बसायची. मला ते फार सुंदर वाटायचं. आज आठवलं की वाटतं, तेव्हाच कुणीतरी माझ्या थोबाडीत मारून सांगायला हवं होतं.

पहिलं कणीस मायनं मधोमध, विहिरीच्या अंगाचं तोडलं. चिमूटभर मीठ टाकून उकडलं. आम्ही तिघांनी ओसरीवर बसून खाल्लं. इतकं गोड मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं, म्हणजे गूळ सोडून. माय हसत सुटली. "व माय! साखर घातली का कोणी याच्यात?" आबांनी सगळ्यात मोठा तुकडा खाल्ला आणि "बरा हाय" म्हणाले. पुढच्या बाजाराला माय दोन टोपली घेऊन गेली. तिनं तोपर्यंत कधी ओरडून माल विकला नव्हता, त्या दिवशी विकला. "गोड मका घ्या हो, गोड! माह्या शब्दावर न्या!" दुपारपर्यंत टोपली रिकामी. प्राथमिक शाळेतल्या मास्तरीणबाईंनी तर डझनभर नेली, त्यांच्या माहेरचे पाहुणे येणार होते.

पुढच्या बाजाराला आम्ही टोपली उतरवली, तोवर मास्तरीणबाई समोर उभ्या. हातात पिशवी, पिशवीत उकडलेली, अर्धी खाल्लेली कणसं. भांडायला आल्या नव्हत्या, पण चेहरा उतरलेला होता. "वच्छलाबाई, दोन दाणे गोड अन् चार दाणे पिठूळ. पाहुणे हसले हो आमचे." त्यांच्या मागून आणखी एक जण, मग आणखी दोघं. एका माणसानं चावलेलं कणीस टोपलीत फेकलं आणि म्हणाला, "हा कायचा गोड? हा तं ढोराचा मका!" मायनं एक ताजं कणीस उचललं आणि जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर पाला सोलला. पिवळ्या दाण्यांमध्ये जागोजाग लालसर दाणे बसले होते. मधलं एक कणीस चाखून तिनं सगळ्या वावराची पारख केली होती, आणि न सोलता विकण्याचा अभिमान असल्यामुळे बाकीचं एकही उघडून पाहिलं नव्हतं. ती त्या दाण्यांकडे बघतच राहिली. आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, मी मोठ्यानं म्हणाले, "माय, हे तं आपल्या घरच्या मक्याचे दाणे!"

आबा तिथेच होते. चहा प्यायला आलेले, गर्दी बघून पुढे सरकले होते. लोकांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. बायकोचा माल खोटा निघाला तर नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आपली पद्धतच आहे. आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "पाहा, पोरगीच सांगून राह्यली," ते म्हणाले. "म्या चांगलं चिखलीहून बी आणून देल्लं. हिनं घरचं मिसळवलं त्याच्यात. बायकाच्या हाती धंदा देल्ला का असाच लबाडपणा होते." ते हसलेसुद्धा, गिऱ्हाइकांकडे बघून, म्हणजे मी तुमच्या बाजूचा आहे असं. चार-दोन माणसं हसली. मायनं एकेकाचं कणीस परत घेतलं, उष्टं होतं तेही घेतलं, आणि ज्याला त्याला पदरातून वांगी काढून दिली. घरी येताना माय तासभर माझ्या पुढेच राहिली. मी मागून चालत होते आणि मला आबांचा राग येण्याआधी स्वतःचा आला. त्याहून वाईट म्हणजे, मला एक क्षण शंकाही आली. पदरात घरचं बी घेऊन तिला वावरात जाताना मी पाहिलं होतं. ओळीतलं चार मुठी आत सांडलं असेल का? स्वतःच्या मायबद्दल मी तो एक क्षण असं मनात आणलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्याच दिवशी हमीदचाचा कोळसा आणायला चिखलीला निघाले, तेव्हा मी ते रिकामं पाकीट घेऊन त्यांच्यासोबत गेले. घरी सांगितलं की निकालाची चौकशी करून येते. बियांचं दुकान त्यांनीच शोधून दिलं. दुकानदार म्हातारा, शांत माणूस होता. मी पाकीट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"आजूबाजूले दुसरा मका होता का पोरी?"

"चारी कडेनं एक ओळ. राघूंची."

"मंग झालं! साध्या मक्याच्या तुऱ्याची भुकटी उडते वाऱ्यानं. ते गोड मक्याच्या केसावर पडली का थो दाणा साधाच भरते. तुह्या बाबांले म्या दोन खेप सांगतलं, जवळपास दुसरा मका ठेवू नका. दोन खेप!"

"मंग ते काय म्हणले?"

"म्हणले, आमच्याकडं दुसऱ्या मक्याचं पीकच नाही."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. हमीदचाचा म्हणाले, "बेटी, पानी पी." मी पाणी प्यायले नाही. माझ्या अंगाची आग होत होती. आबा खोटं बोलले नव्हते, हे मला तिथेच कळलं, आणि त्यानं राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. रोज विहिरीवर आंघोळीला जाताना ज्या ओळीतून हा माणूस वाट काढत जात होता, ती त्याला दिसलेलीच नव्हती.

संध्याकाळी आबा जेवायला बसले, माय चुलीजवळ भाकरी थापत होती. मी उभ्यानंच विचारलं, "आबा, बीवाल्यानं तुमाले काय सांगतलं होतं?"

"काय बे, कोर्टात उभं केलं का मले?" मला चिडवायचं असलं की ते मला पोरासारखं 'बे' म्हणत. मग जरा आठवून म्हणाले, "हाव, म्हणला होता काही. दुसरा मका जवळ नको म्हणे. आपल्याकडं कुठी हाय दुसरा मका?"

"राघूंची ओळ?"

घास तोंडाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी खऱ्या आश्चर्यानं, आणि म्हणाले, "थे काय पीक हाय?"

मायचा थापायचा आवाज बंद झाला. मी म्हणाले, "पीक नाही ना? मंग त्या पीक नसलेल्यानंच सगळं पीक बुडवलं. मायनं मिसळवलं नाही. आता बाजारात चाला अन् तसं सांगा."

"झालं गेलं. लोक इसरतीन."

"माय नाही इसरणार."

"तोंड लई चालते तुह्यं. शाळा शिकली म्हणून बापाले शिकवते काय?" त्यांनी ताट सरकवलं. मी आणखी बोलणार होते. पण माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमे, जेवू दे त्याहिले." आणि तिनं गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्या भाकरीचा मला इतका संताप आला की मी न जेवता बाहेर गेले.

सकाळी मी विळा घेतला आणि राघूंची ओळ कापायला लागले. मुळापासून, दात-ओठ खात, एकेक ताट आडवं करत. वीस-पंचवीस ताटं पडली असतील, तेवढ्यात मागून मायनं माझं मनगट धरलं. "राघूनं काय केलं व तुह्यं?" ती म्हणाली. मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. ती त्या आडव्या पडलेल्या ताटांकडे बघत होती. मग म्हणाली, "ओळ म्याच पेरली. चुकलं थे माह्यानं चुकलं, मले माहीत नव्हतं. पण चुकणं निराळं अन् लबाडी निराळी. एवढं तं मोठ्या माणसाले कळाले पाह्यजे." ती ताटं गोळा करून तिनं बैलांना घातली.

त्यानंतरच्या बाजाराला ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली. एकच टोपलं, आणि प्रत्येक कणीस घरूनच सोललेलं, लालसर दाणे सगळ्यांना दिसतील असं. "साधा-गोड मिसळ मका हाय," ती येणाऱ्याला सांगत होती. "गोड म्हणून घेऊ नका. भाजून बरा लागते." मास्तरीणबाई आल्या, टोपल्यासमोर बसून त्यांनी दोन कणसं निवडली. हमीदचाचा शेजारी उभे होते. समोर दोरवाल्याकडून आबा नवा कासरा घेऊन निघाले होते, आमच्याकडे न बघता, बाजाराच्या दुसऱ्या अंगानं.

"अहो!" मायनं हाक मारली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "इकडं या."

ते आले. न येऊन सांगतात कुणाला, सगळे बघत होते.

"मागच्या बाजारात म्या सगळ्याचा मका वापस घेतला," माय म्हणाली. "उष्टा बी घेतला. आता तुमी तुमचा शब्द वापस घ्या."

"कोणता शब्द?"

"मले लबाड म्हणलं तो. इथंच म्हणलं, ह्याच जागेवर."

"घरी चाल. घरी बोलू."

"घरी नव्हतं म्हणलं."

आबा कासऱ्याची गाठ सोडत आणि बांधत राहिले. कांद्याच्या ढिगामागची म्हातारीसुद्धा मान वर करून बघत होती. माय बसलेलीच होती, मांडीवर हात ठेवून, काही घाई नसल्यासारखी. शेवटी आबा खाली बघत पुटपुटले, "घेतला."

"काय घेतला हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांचे कान अगदी ठणठणीत होते.

आबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही; मीच सगळं केलं असं त्यांना वाटत होतं, आणि वाटू दे. मग ते मोठ्यानं म्हणाले, "हिनं मिसळवलं नाही. बीवाल्यानं मले सांगतलं होतं, दुसरा मका जवळ नको म्हणून. म्या घरी सांगतलं नाही. लबाडी नाही केली हिनं." आणि कासरा खांद्यावर टाकून ते निघून गेले. माय मास्तरीणबाईंकडे वळली आणि विचारलं, "दोनच देऊ का चार?" मास्तरीणबाईंनी चार घेतली. हमीदचाचांनी उरलेली सगळी उचलली, भट्टीवर चालतील म्हणाले.

परतताना टोपलं रिकामं होतं आणि मी हवेत होते. इतकी खूश मी दहावी पास झाल्याचं कळलं तेव्हाही झाले नाही. फाट्याजवळ आलो तेव्हा मी मायला म्हणाले, "माय, पहिले मीच बोलली होती ना, घरचे दाणे हायत म्हणून. माह्याच तोंडानं झालं सगळं."

"तू खरं बोलली होती," ती म्हणाली. "त्यानं खोटं केलं."

मी थबकले. आबांना तिनं एकेरी म्हटलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतरही कधी ऐकलं नाही. ती थांबली नाही, चालतच राहिली. काही तरी बोलायचं म्हणून मी मागून विचारलं, "पण आता बरं वाटलं ना तुले? सगळ्याच्या समोर म्हणले ते."

"बरं काऊन वाटन व?" माय म्हणाली. "वीस वर्षं माह्या हातची भाकर खाल्ली त्यानं. अन् मी लबाड नाही, हे त्याले बीवाल्याकडून कळावं लागलं."